ओळी कुणाच्या, नाव कुणाचं: स्मरणिका आणि निवेदनासाठी श्रेय तपासण्याची रीत

पुण्यात गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत ज्यांच्या हातात स्मरणिका, निमंत्रणपत्रिका किंवा निवेदनाची वही असते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी मुद्रितशोधनाची कामं करते आणि दरवर्षी त्याच चुका माझ्या टेबलावर येतात. गदिमांचं गाणं तुकोबांच्या नावावर, सोयराबाईंचा अभंग चोखोबांच्या नावावर, कुण्या निवृत्त शिक्षिकेची कविता व. पु. काळ्यांच्या नावावर. चूक करणारी माणसं बेफिकीर नसतात. ती ओळ त्यांना मनापासून आवडलेली असते. तपासायचं कसं आणि कोणत्या क्रमाने, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग शेवटच्या रात्री डीटीपीवाला विचारतो, "खाली नाव काय टाकू?" आणि जे तोंडात येतं ते छापलं जातं.

खालचा क्रम पाळा. टप्पे पुढेमागे केले की काम दुप्पट होतं, विशेषतः पहिला आणि दुसरा.

## तयारी: वही, वेळ आणि सोबतीला एक माणूस

छपाईला देण्याआधी किमान १५ दिवस हाताशी ठेवा. माझा अनुभव असा की २० मजकुरांतले १४-१५ एका बैठकीत सुटतात. उरलेल्या पाच-सहांसाठी ग्रंथालयाच्या दोन-तीन फेऱ्या होतात, आणि ग्रंथालयाच्या सुट्टीचा वार नेमका आपल्या सवडीच्या दिवशी येतो.

एक वही आडवी धरा आणि सहा रकाने आखा: ओळ, मला कुठून मिळाली, कुणाची म्हणून सांगितली, शब्द-संगीत-आवाज, छापील आधार, पान कुणी पाहिलं. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. तो गाळू नका. "कुणीतरी पुस्तकात पाहिलंय म्हणे" हे वाक्य त्याच रकान्यात पकडलं जातं.

सोबतीला असा माणूस घ्या ज्याने मजकुराची निवड केलेली नाही. ज्याने निवडलं त्याला नावाची आधीच खात्री झालेली असते, त्यामुळे तो शोधत नाही, दुजोरा गोळा करतो.

## टप्पा १: ओळ तुमच्यापर्यंत कशी आली ते लिहा

कवीचं नाव शोधायला लगेच बसू नका. आधी ओळ कुठून आली ते लिहा: आईच्या तोंडून, शाळेच्या फळ्यावरून, रेडिओवरून, सोसायटीच्या ग्रुपवरून, मागच्या वर्षीच्या स्मरणिकेतून. आठवत नसेल तर "आठवत नाही" असंच लिहा.

याचं कारण आठवणीच्या स्वभावात आहे. ऐकलेली गोष्ट मनात राहते, पण ती कुठे ऐकली ही खूण कच्ची असते आणि आधी पुसली जाते. मग मन त्या रिकाम्या जागी जवळचं, ओळखीचं नाव बसवतं. ते बसवलेलं नाव आठवलेल्या नावासारखंच वाटतं, दोन्हींत आतून काही फरक जाणवत नाही. दिसत-ऐकू येत नसलेली हेलन केलर ११ वर्षांची असताना तिने लिहिलेली एक गोष्ट मार्गारेट कॅनबी यांच्या आधीच छापलेल्या गोष्टीशी फार जुळते असं लक्षात आलं. ती गोष्ट तिला काही वर्षांपूर्वी कुणीतरी बोटांच्या भाषेत सांगितली असावी. ऐकल्याची आठवण पुसली गेली, गोष्ट मात्र राहिली, आणि ती आपलीच आहे असं त्या मुलीला प्रामाणिकपणे वाटत होतं.

म्हणून सोसायटीतले काका "मी स्वतः पु. लं.च्या तोंडून ऐकलंय" म्हणतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. ते खोटं बोलत नसतात. त्यांनी पु. लं.ना ऐकलंय, ती ओळही ऐकलीय. त्या दोन संध्याकाळी वेगळ्या असू शकतात. वहीत लिहा: "काकांच्या आठवणीनुसार पु. ल." आणि पुढे चला.

सावध: ओळ उतरवताना दुरुस्त करू नका. एखादा शब्द खटकला तर त्याखाली रेघ मारा. तो खटकणारा शब्दच पुढे मूळ पाठापर्यंत नेतो. तुम्ही तो गुळगुळीत केलात तर शोध तिथेच थांबतो.

## टप्पा २: काय भिडलं ते सुटं करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडी बैठक मारा.

सारसबागेत दिवाळीच्या पहाटे गार वाऱ्यात बसून एखादं गाणं ऐकलं आणि डोळे भरून आले, की मन त्या भरून येण्याचं श्रेय समोरच्या आवाजाला देऊन मोकळं होतं. तो आवाज खराच मोठा असतो. पण त्या क्षणात शब्दांचा वाटा असतो, चालीचा असतो, पहाटेचा असतो, शेजारी बसलेल्या माणसाचाही असतो. घरी येऊन आपण सांगतो, "किशोरीताईंचा तो 'अवघा रंग एक झाला'." गप्पांत हे ठीक आहे. पत्रिकेत तसंच छापलं तर सोयराबाई नाहीशा होतात. आणि कुणी शब्दांकडे वळलंच, तर चोखोबांचं नाव लिहून मोकळं होतं, कारण शेवटच्या चरणात चोखोबांचं नाव ऐकू येतं. तिथे "चोखियाची महारी" अशी ओळख आहे, म्हणजे बोलणारी त्यांची पत्नी आहे. एका अभंगात त्या बाईंचं नाव दोनदा झाकलं जातं, एकदा गायिकेच्या नावाखाली आणि एकदा नवऱ्याच्या.

म्हणून प्रत्येक गाण्यासाठी चार खण भरा: शब्द, संगीत, आवाज, आणि कुठल्या चित्रपटातलं किंवा नाटकातलं. एकही खण "माहीत आहे" म्हणून सोडू नका.

"इंद्रायणी काठी" घ्या. दहा जणांना विचारा, निम्मे तरी तुकोबा किंवा ज्ञानोबा म्हणतील, उरलेले भीमसेन जोशी म्हणतील. खण भरले की असं दिसतं: शब्द ग. दि. माडगूळकर, संगीत पु. ल. देशपांडे, आवाज पं. भीमसेन जोशी, चित्रपट गुळाचा गणपती, १९५३. "कानडा राजा पंढरीचा" हेही गदिमांचं. संगीत सुधीर फडक्यांचं, आवाज फडके आणि वसंतराव देशपांडे यांचे, चित्रपट झाला महार पंढरीनाथ, १९७०. "विठ्ठला तू वेडा कुंभार" हे गदिमा आणि फडके यांचं, प्रपंच या १९६१च्या चित्रपटातलं. ही तिन्ही गाणी आषाढीच्या कार्यक्रमांत "संतरचना" या मथळ्याखाली छापलेली मी पाहिली आहेत. वारकरी परंपरेशी इतकी एकरूप झालेली गाणी लिहिणं ही माडगूळकरांची थोरवी आहे, आणि ती दिसायची तर तिथे त्यांचं नाव हवं.

राज्यगीताचंही तसंच. "जय जय महाराष्ट्र माझा" म्हटलं की शाहीर साबळ्यांचा आवाज कानात येतो आणि पत्रिकेत त्यांचंच नाव एकटं छापलं जातं. शब्द राजा बढे यांचे आहेत, संगीत श्रीनिवास खळे यांचं. २०२३मध्ये हे राज्यगीत झालं, तेव्हापासून ते प्रत्येक शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत असतं, म्हणून ही एक दुरुस्ती तरी सगळ्यांनी पाठच करावी.

नाट्यपदांची वेगळी भानगड आहे. "घेई छंद मकरंद" खाली अलीकडे "कट्यार काळजात घुसली" या २०१५च्या चित्रपटाचं नाव दिसतं. पद मूळ १९६७च्या त्याच नावाच्या नाटकातलं आहे: शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. तुमचा गायक चित्रपटातल्या ढंगाने गाणार असेल तरी आधी नाटक लिहा, मग चित्रपट.

तपासा: वहीतल्या प्रत्येक गाण्यासमोर "शब्द" या खणात गायकाचं नाव आहे का? असेल तर ते गायकाने खरोखर लिहिलंय का, हे पुन्हा पाहा.

## टप्पा ३: ओळीच्या आत शोधा

बाहेर शोधायला जाण्याआधी मजकूरच विचारून बघा. अभंग आणि आरत्यांमध्ये कवी आपली छाप, म्हणजे स्वतःच्या नावाची खूण, शेवटच्या चरणात ठेवतो, आणि स्मरणिकेत जागा वाचवायला आपण नेमका तोच चरण कापतो. पूर्ण रचना मिळवा आणि शेवटून वाचा.

"सुखकर्ता दुःखहर्ता"च्या शेवटी "दास रामाचा" आहे, म्हणजे समर्थ रामदास. "युगे अठ्ठावीस"मध्ये नामदेव स्वतः ओवाळणाऱ्यांत आहेत. "दुर्गे दुर्घट भारी"मध्ये "नरहरि तल्लीन झाला" असं येतं. "त्रिगुणात्मक त्रैमूर्ती"मध्ये "एका जनार्दनी", म्हणजे एकनाथ. एकाच आरतीसंग्रहात ही चार वेगळी माणसं असतात, आणि मुखपृष्ठावर मात्र सरसकट "समर्थ रामदासस्वामीकृत" छापलेलं असतं.

"घालीन लोटांगण" हे तर एका जागी बसून शिकण्यासारखं उदाहरण आहे. आपण ते एका दमात म्हणतो, म्हणून ते एकाचंच वाटतं. पहिलं कडवं मराठी, त्याच्या शेवटी "म्हणे नामा". मग "त्वमेव माता" हा संस्कृत श्लोक. "कायेन वाचा" हा भागवताच्या अकराव्या स्कंधातला. "अच्युतं केशवं" हा शंकराचार्यांच्या नावे असलेल्या अच्युताष्टकातला. शेवटी "हरे राम हरे राम" हा कलिसंतरणोपनिषदातला मंत्र. पाच ठिकाणची फुलं एका हारात आहेत. पत्रिकेत "पारंपरिक प्रार्थना, पहिलं कडवं संत नामदेव" एवढं लिहिलं तरी पुरतं.

छापेच्या बाबतीत तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, नाव येणं म्हणजे छाप नव्हे. "कानडा राजा"मध्ये नामदेव, चोखोबा यांची नावं येतात ती तिसऱ्या व्यक्तीची म्हणून. बोलणारा कोण आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो कोण, हे वेगळं करा.

दोन, छाप एकाच माणसाची असेलच असं नाही. "नामा" ही छाप एकाहून अधिक कवींनी वापरली. विष्णुदास नामा या नावाने महाभारत रचणारा कवी वेगळा, आणि त्याच्या व संत नामदेवांच्या रचना एकमेकांत मिसळलेल्या आहेत. बहिणाबाईंचंही तेच. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई १७व्या शतकातल्या. "संतकृपा झाली, इमारत फळा आली" हा अभंग त्यांचा. "अरे संसार संसार" आणि "मन वढाय वढाय" या बहिणाबाई चौधरींच्या रचना. त्या १८८० ते १९५१ या काळात जळगावकडे होऊन गेल्या, आणि त्यांची गाणी त्यांच्या मागे १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली. या दोघींची मी पाहिलेली सरमिसळ मोजता येणार नाही इतकी आहे. नुसतं "बहिणाबाई" कधीच लिहू नका.

तीन, "तुका म्हणे" कुणालाही लिहिता येतं. ग्रुपवर फिरणाऱ्या उपदेशपर चारोळ्यांच्या शेवटी ते चिकटवलेलं असतं. भाषा बघा. १६५०मध्ये ज्यांचं वैकुंठगमन झालं त्यांच्या तोंडी आजच्या वर्तमानपत्राची वाक्यरचना आली असेल, तर ती रचना गाथेत सापडेपर्यंत वापरू नका.

आधुनिक लेखकांसाठी सोपी कसोटी आहे: सालं जुळवा. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले, व. पु. काळे २००१मध्ये. त्यांच्या नावाच्या मजकुरात व्हॉट्सॲप, सेल्फी किंवा स्मार्टफोन आला की प्रश्न तिथेच मिटला.

थांबा: सालं जुळली म्हणजे नाव बरोबर ठरलं असं होत नाही. ही कसोटी चुकीचं नाव काढून टाकते, बरोबर नाव देत नाही.

## टप्पा ४: एकाच माणसाची दोन नावं

हा टप्पा छोटा आहे, पण गाळू नका. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांना दोन स्वतंत्र कवी म्हणून एका यादीत छापलेलं मी पाहिलं आहे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, बी म्हणजे ना. मु. गुप्ते. "चाफा बोलेना" खाली "बी" एवढंच दिसलं की डीटीपीवाला ते टंकनदोष समजून काढून टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

शांता शेळके यांनी काही गाणी "वसंत अवसरे" या नावाने लिहिली. आणि अप्रसिद्ध लेखिकांच्या बाबतीत माहेरचं नाव विचारा. लग्नाआधी एका नावाने छापून आलेल्या कित्येक कविता पुढे त्यांच्या स्वतःच्याच घरात कुणाला माहीत नसतात.

नियम असा: रचना ज्या नावाने प्रसिद्ध झाली ते नाव आधी, खरं नाव हवं तर नंतर. आणि सबंध स्मरणिकेत एकच पद्धत ठेवा.

## टप्पा ५: छापील पान डोळ्यांनी पाहा

आता बाहेर पडायचं. आधाराची प्रतवारी लक्षात ठेवा. सगळ्यात वर कवीचा स्वतःचा संग्रह किंवा संतांची संपादित गाथा. त्याखाली नावाजलेल्या संपादकाने केलेलं संकलन. त्याखाली गाण्यांच्या तपशिलांची काळजीपूर्वक नोंद ठेवणारी संकेतस्थळं. "आठवणीतली गाणी"वर शब्द, संगीत, स्वर असे वेगळे खण असतात, त्यामुळे टप्पा २ साठी ते फार उपयोगी आहे. सगळ्यात खाली ग्रुपवरचा मजकूर, आणि तो शंभर ठिकाणी दिसला तरी एकच आधार धरा, कारण तो एकाच ठिकाणाहून उतरवलेला असतो.

इंटरनेटवर शोधताना कवीचं नाव टाकू नका. नाव टाकलंत तर त्याच चुकीच्या नावाची पानं पुढ्यात येतात. पहिली ओळही टाकू नका, ती सगळ्यांनी उचललेली असते. मधल्या कडव्यातली, जरा अनवट शब्दांची ओळ घ्या. टप्पा १ मध्ये खाली रेघ मारलेला तो खटकणारा शब्द इथे कामाला येतो.

पुण्यात राहणाऱ्यांना सबब सांगायला जागा नाही, इतकी ग्रंथसंपदा आपल्या पायाशी आहे. १८४८पासून चालत आलेलं पुणे नगर वाचन मंदिर आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. जुन्या हस्तलिखितांचा प्रश्न असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भांडारकर संस्था. जुन्या चित्रपटाच्या श्रेयाबद्दल अडलं तर विधी महाविद्यालय रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जाण्याआधी फोन करून वेळा आणि प्रवेशाचे नियम विचारा. आणि ग्रंथपालांना "ही कविता कुणाची?" असं विचारू नका. "अमुक कवीचे सगळे संग्रह बघायचे आहेत" किंवा "पहिल्या ओळींची सूची असलेलं संकलन आहे का?" असं विचारा. पाच मिनिटांत काम होतं.

पान सापडलं की मोबाइलवर तीन फोटो काढा: कवितेचं पान, मुखपृष्ठाच्या आतलं पान, आणि आवृत्ती व साल असलेलं पान. मधला आणि शेवटचा फोटो लोक विसरतात आणि पुन्हा हेलपाटा पडतो.

अभंगाचा क्रमांक देणार असाल तर गाथा कोणती तेही लिहा, कारण प्रत्येक गाथेचे क्रमांक वेगळे असतात. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी पुरेशी आहे: "माझा मराठाचि बोलु कौतुके" ही सहाव्या अध्यायातली चौदावी. ज्ञानेश्वरीबद्दल इथे एक सांगायलाच हवं. शके १५०६मध्ये एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला तो तीत इतरांच्या ओव्या आणि अपपाठ शिरले होते म्हणून, आणि शेवटी त्यांनी बजावून ठेवलं: ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची ओवी घालील त्याने "अमृताचे ताटी जाण नरोटी ठेविली", म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. मोठ्या नावाखाली आपलं किंवा भलत्याचं सरकवण्याचा प्रश्न नाथांच्या काळीही इतका जाचक होता.

सुविचारांना हीच शिस्त लावा, आणि अवतरणचिन्हं जपून वापरा. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन" हे वाक्य सगळीकडे व्होल्तेरच्या नावावर छापलं जातं. ते एव्हलिन बिअट्रिस हॉल यांचं, त्यांच्या १९०६च्या पुस्तकातलं. व्होल्तेरची वृत्ती सांगताना त्यांनी ते लिहिलं आणि वाचकांनी ते त्याचे शब्द समजले. कुणाचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगत असाल तर अवतरणचिन्हं काढा.

तपासा: ज्या रचनेसमोर "पान कुणी पाहिलं" हा रकाना कोरा आहे, ती अजून टप्पा ५ मध्येच आहे, पुढे नेऊ नका.

## टप्पा ६: नाव सापडलंच नाही तर

काही वर्षांपूर्वी कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचं मुद्रितशोधन माझ्याकडे होतं. शेवटच्या पानावर घराच्या उंबरठ्यावरची १२ ओळींची कविता होती, खाली व. पु. काळे. ग्रुपवरून तशीच आली होती. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, नाव तपासलं नाही. प्रकाशन झालं, चहा सुरू झाला, आणि त्याच सोसायटीतल्या एक आजी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्याजवळ आल्या. पिशवीत १९८६चा एक छोटा दिवाळी अंक होता. पानं चहाच्या रंगाची झालेली, मधल्या पिनांचा गंज कागदावर उतरलेला. त्यांनी पान उघडलं. तीच कविता, खाली त्यांचं माहेरचं नाव. म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात चार शब्द बदललेत. पण ओळी माझ्या आहेत." रागावल्या नाहीत. दुसऱ्या ओळीत मूळ "माप" हा शब्द होता, आमच्याकडे "पाऊल" झालं होतं. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यात छापलेली ती एकमेव कविता होती.

तेव्हापासून नाव सापडलं नाही तर मोठं नाव मी चालवून घेत नाही. चार पर्याय असतात, याच क्रमाने वापरा.

पूर्ण शोध घेऊन काही मिळालं नाही तर "कवी अज्ञात" लिहा. स्मरणिकेत खाली बारीक अक्षरांत "ही रचना कुणाची आहे हे माहीत असल्यास कळवावे" अशी ओळ आणि संपादकांचा फोन द्या. परंपरेने एका नावावर चालत आलंय पण गाथेत नाही, तर "परंपरेने संत अमुक यांच्या नावे" असं लिहा. घरात किंवा गावात तोंडी चालत आलेलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते लिहा: "आजीकडून ऐकलेली ओवी, मुळशी" हे पूर्ण आणि खरं श्रेय आहे. आणि शंका दाट असेल, मजकूरही फार महत्त्वाचा नसेल, तर तो गाळा आणि ज्याचं पान पाहिलंय असं काही घ्या.

सावध: "संकलित", "संग्रहित", "इंटरनेटवरून साभार" ही श्रेयं नव्हेत. त्यातून रचना कुणाची हे कुणालाच कळत नाही.

## टप्पा ७: श्रेय लिहा, आणि परवानगीचा प्रश्न वेगळा ठेवा

छापताना नाव रचनेला लागून, त्याच पानावर. सगळी श्रेयं शेवटच्या पानावर एकत्र टाकली तर ती कुणी वाचत नाही. निवेदनात क्रम असा ठेवा: आधी कवी, मग संगीतकार, मग मूळ गायक, आणि शेवटी आज गाणारा. आजचा गायक आधी घेतला की टाळ्या पडतात आणि पुढचं ऐकू येत नाही.

अनुवाद किंवा रूपांतर असेल तर दोन्ही नावं हवीत. "ती फुलराणी"तला प्रवेश सादर करताना पु. लं.च्या सोबत बर्नार्ड शॉ यांच्या "पिग्मॅलियन"चा उल्लेख करा.

नाव दिलं म्हणजे छापण्याची परवानगी मिळाली, असा फार मोठा गैरसमज आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. गदिमा १९७७मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत आहे. पूर्ण कविता छापणार असाल तर वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहा, आणि तेही या १५ दिवसांच्या सुरुवातीला. उलट बाजूने, केशवसुत किंवा बालकवी यांच्यासाठी परवानगी लागत नाही, म्हणून नाव गाळलं तरी चालेल असं समजू नका. त्याच कायद्याच्या ५७व्या कलमात रचना आपली म्हणून सांगण्याचा लेखकाचा हक्क वेगळा मानलेला आहे. हक्क विकले तरी तो त्याच्याकडे राहतो.

## टप्पा ८: फक्त नावांचं एक वाचन

अंतिम मुद्रित आलं की एक वाचन फक्त नावांसाठी करा, मजकूर वाचूच नका. वही डाव्या हाताला, मुद्रित उजव्या हाताला. या वाचनात मला नेहमी सापडणाऱ्या गोष्टी: जागा जुळवताना कविता वर सरकली आणि नाव पुढच्या पानावर दुसऱ्याच कवितेच्या डोक्यावर जाऊन बसलं, फाँट बदलताना "विंदा"चा अनुस्वार उडाला, मागच्या वर्षीची फाइल वापरल्यामुळे जुनं नाव तसंच राहिलं. निवेदकाच्या कार्डावरची नावं याच बैठकीत जुळवा. पत्रिका बरोबर आणि निवेदन चूक, हे फार वेळा घडतं.

## टप्पा ९: चूक छापली गेलीच तर

कार्यक्रमातच लक्षात आलं तर तिथेच, माइकवरून, पुढच्या गाण्याआधी सांगा. दोन वाक्यं पुरतात: "आधीच्या गाण्याचे शब्द राजा बढे यांचे आहेत. आमच्याकडून चुकीचं नाव गेलं, क्षमस्व." कारणं सांगू नका. ज्या ग्रुपवर चुकीची पत्रिका गेली त्याच ग्रुपवर दुरुस्त पत्रिका टाका आणि जुनी काढून टाका. नुसती नवी टाकली तर दोन्ही फिरत राहतात.

छापील प्रतींसाठी शुद्धिपत्राचा सुटा कागद घालू नका, तो पहिल्या दिवशीच गळून पडतो. त्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या १४० प्रती वाटायच्या राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी आम्ही चुकीच्या नावाएवढ्याच रुंदीच्या पट्ट्या त्याच फाँटमध्ये, त्याच कागदावर छापून घेतल्या. एक आजींच्या नावाची, एक दुसऱ्या ओळीची, "माप" शब्दासह. खळीने चिकटवल्या. गोंदाने कागद आक्रसतो आणि पट्टी उठते. वाटून झालेल्या प्रतींच्या घरी सोसायटीचा सचिव पट्ट्या घेऊन दारोदार गेला. पहिली दुरुस्त प्रत आजींना दिली, दुसरी ग्रंथालयात. ग्रंथालयाची प्रत विसरू नका. वीस वर्षांनी कुणी ती कविता शोधत आलं, तर त्याच्या हाती तीच लागणार आहे.